बांगड्या चढेनात तेव्हा

नमस्कार सासूबाई, आत्याबाई, आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणी. बचत गटाच्या या वेळेत आम्ही एरवी कर्ज, हप्ते, शेळीपालन, पापड-मसाले यांवर बोलतो. आज गरोदरपणातल्या बीपीवर बोलायचं आहे, आणि त्या बीपीच्या मागे रक्तात काय चाललेलं असतं त्यावर. आधीच सांगतो, आमच्यापैकी कुणी डॉक्टर नाही. हे भाषण लिहून काढणारी बीए आहे, तीही मराठी घेऊन. पण गेले दोन महिने आम्ही डॉक्टरबाईंकडे बसून, गटातल्या एकीच्या बीएस्सी शिकणाऱ्या लेकीकडून वाचून घेऊन, समजेपर्यंत प्रश्न विचारलेत. समजलं तेवढंच सांगणार आहोत.

गोष्ट दीड वर्षापूर्वीची. आमच्या गटातल्या एकीच्या सुनेचं ओटीभरण होतं. पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. कासारीण आली, हिरव्या बांगड्या मांडल्या, आणि हात काही बांगडीत जाईना. लग्नात सव्वादोनची बांगडी सहज चढली होती, ती आता अंगठ्याशीच अडकत होती. साबण लावला, तेल लावलं, दोन बांगड्या फुटल्या. शेवटी अडीचचं माप काढलं तेव्हा कुठं चुडा भरला. बायका हसल्या. "अंग भरलंय, मुलगा होणार बघा," असं कुणीतरी म्हणालं. आम्हीही हसलो. आम्ही म्हणजे त्याच, ज्या दर महिन्याला आरोग्याचे फलक घेऊन गावातून फिरतो.

चार दिवसांनी तिचं डोकं दुखायला लागलं. बाम लावला. मग छातीच्या खाली, बरगड्यांपाशी उजव्या बाजूला दुखू लागलं. पित्त म्हणून लिंबूपाणी दिलं. आशाताई त्या घरी दुसऱ्याच कामासाठी गेल्या होत्या, शेजारच्या बाळाच्या लसीचं विचारायला. त्यांनी हिचा सुजलेला चेहरा बघितला आणि मशीन काढलं. १६० आणि ११०. तिचं कार्ड मागितलं तर आधीच्या तिन्ही तपासण्यांना एकच आकडा होता: ११० आणि ७०, ११० आणि ७०, ११० आणि ७०. लघवीच्या रकान्यात तिन्ही वेळा निरंक. आम्ही तिला नंतर विचारलं, तिथं लघवी तपासली होती का? ती म्हणाली, "ताई, तिथल्या संडासाला कुलूप होतं." ते ठिकाण कुठलं हे आम्ही इथं सांगणार नाही. पण अशी कार्डं आमच्याच तालुक्यात किती घरांत असतील, या विचारानं आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

१०८ आली. जवळच्या दवाखान्यात झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तीन आठवडे तिथं कसेबसे काढले आणि तेहतिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, दीड किलोलाही कमी. नवजात बाळांच्या कक्षात महिनाभर राहिली. आज ती घरभर रांगते आणि वह्यांची पानं फाडते, आमच्या गटाच्या हिशेबाच्या वहीचंसुद्धा एक.

पण त्या दवाखान्यात बाळंतिणीनं आम्हाला जे विचारलं, त्यासाठी हे भाषण आहे. बाळ काचेच्या पेटीत, ही खाटेवर, आणि खाटेभोवती न्यायनिवाडा चाललेला. सासूबाईंचं म्हणणं, हिनं लोणचं फार खाल्लं. माहेरच्यांचं म्हणणं, हिला कामाला जुंपलं. एक आत्या म्हणाली, ग्रहणात सुरी हातात घेतली होती. सगळे बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, माझं नेमकं काय चुकलं?"

त्या वेळी राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "तुझं काहीच चुकलं नाही. तुझी वार तुझ्या रक्तात चुरा सोडत होती." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. हा चुरा आमच्या डोक्यातून जाईना.

वार आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, निदान जुन्या बायकांनी तरी. बाळ बाहेर आल्यावर मागून येते, अर्धा किलोच्या आसपास वजनाची. वार पडली का, हे विचारल्याशिवाय सुईण हात धुवायची नाही. पण ती आत नऊ महिने काय करते, हे आम्हाला माहीत नव्हतं. वारेला झाडाच्या मुळ्यांसारखे हजारो बारीक फाटे असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. रोपानं पाण्यातून खत ओढावं तसं त्या मुळ्या आईच्या रक्तातून बाळासाठी अन्न आणि प्राणवायू ओढतात. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधे त्या मुळ्यांवरचं अस्तर असतं. हे अस्तर म्हणजे मोठं नवल आहे. शरीरात इतरत्र पेशी विटांसारख्या एकमेकींना लागून असतात, मधे सांधा असतो. या अस्तराला सांधाच नाही. आमच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना: कुठंही शिवण नसलेलं एकच अखंड कापड. आणि ते सगळं पसरलं तर दहा चौरस मीटरांहून जास्त भरेल, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीच्या जमिनीएवढं.

हे अस्तर सतत झिजतं आणि सतत नवं होतं. झिजताना त्याचे बारीक कण आईच्या रक्तात सुटतात. प्रत्येक गरोदर बाईच्या रक्तात ते असतात, निरोगी बाईच्यासुद्धा. महिने भरत जातात तशी त्यांची संख्या वाढत जाते. काही मोठे तुकडे असतात, ते फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत अडकतात. बाकीचे इतके लहान की केसाच्या जाडीत आठशे-हजार शेजारी शेजारी मांडता येतील. ते सगळ्या अंगभर फिरतात. डॉक्टर त्यांना एक्सोसोम, व्हेसिकल अशी नावं देतात. आम्ही पुड्या म्हणतो. कारण ते नुसते धुळीचे कण नाहीत. किराणावाल्यानं कागदात जिरं बांधून द्यावं तसं पेशी आपल्याच कातडीच्या तुकड्यात काहीतरी बांधून बाहेर टाकते. आत प्रथिनं असतात, पेशीचे निरोप असतात. पुडी दुसऱ्या पेशीला जाऊन चिकटली की आतला माल तिच्यावर काम करतो. शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी अशा पुड्या सोडतात. १९६७ मध्ये पीटर वुल्फ या शास्त्रज्ञानं रक्त गोठवणाऱ्या पेशींमधून सुटणारे असे कण पाहिले आणि त्यांना सरळ धूळ म्हटलं. बराच काळ ही पेशीची केरकचऱ्याची टोपली समजली जायची. आता कळलंय की त्या टोपलीतून टपालही जातं.

साध्या गरोदरपणात हे टपाल बहुधा कामाचंच असतं. बाळ अर्धं बापाकडून आलेलं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. ते परकं समजून आईनं बाहेर टाकू नये, तिच्या शरीरानं सांभाळून घ्यावं, यात या पुड्यांचाही वाटा आहे असं संशोधक मानतात.

मग बिघडतं कुठं? तर सुरुवातीलाच, पहिल्या चार-पाच महिन्यांत, जेव्हा बाईला स्वतःला काहीच होत नसतं. वार रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. चिंचोळ्या, पिळदार नळ्या असतात, त्यांचे रुंद पाट झाले पाहिजेत. शेतात बघा. पाट रुंद असला की पाणी संथ येतं आणि रोपांच्या मुळाशी मुरतं. तेच पाणी बारीक नळीतून जोरात सोडलं तर फवारा बसतो, माती उडते, मुळ्या उघड्या पडतात, आणि तरीही रोप तहानलेलंच राहतं. काही गरोदरपणांत हे पाट नीट रुंद होत नाहीत. रक्त कधी कमी येतं, कधी फवाऱ्यासारखं आदळतं. वारेच्या मुळ्यांवर ताण येतो आणि ते अखंड अस्तर जास्त झडू लागतं. पुड्या जास्त सुटतात आणि त्यांच्यातला मालही बदलतो.

आता आईच्या बाजूचं दुसरं अस्तर बघा. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. नळी कधी सैल सोडायची, कधी आवळायची, काय आत ठेवायचं, काय बाहेर जाऊ द्यायचं, हे ते ठरवतं. वारेचं अस्तर झडून या अस्तरावर बसतं आणि हे बिघडतं. नळ्या आवळतात, म्हणून बीपी वाढतं. नळ्यांतून पाणी झिरपतं, म्हणून हात आणि चेहरा सुजतो. मूत्रपिंडाच्या चाळणीतून प्रथिनं निसटतात, म्हणून ती लघवीत सापडतात. यकृताला सूज येते, म्हणून बरगडीखाली दुखतं आणि आपण त्याला पित्त म्हणतो. मेंदूपर्यंत हा त्रास गेला की डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं काजवे येतात, आणि मग झटके. डॉक्टर या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात आणि झटके आले की एक्लॅम्प्सिया. शंभर गरोदर बायकांमध्ये दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्प्सिया होतो.

इथं आमच्या गटातल्या सगळ्यांत जुन्या सभासद मावशींनी आम्हाला थांबवलं. मावशींची बहीण चाळीसेक वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. आठवा महिना होता. दात आवळले, डोळे फिरले, हातपाय झाडू लागली. घरच्यांनी देवऋषी बोलावला. त्यानं सांगितलं, बाहेरचं आहे, विहिरीवरचं. लिंबू उतरवली, धूर दिला, आणि त्या धुरातच ती गेली. बाळही गेलं. मावशी इतकी वर्षं त्या विहिरीच्या वाटेनं जात नाहीत, लांबून वळसा घेतात. आमचं पुड्यांचं पुराण ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तिच्या अंगात वारेचा चुरा शिरला होता?" आम्ही हो म्हणालो. त्या बराच वेळ गप्प बसल्या.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा शोधलं गेलं त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. १८९३ मध्ये जर्मनीत, लाइपझिग शहरात, गेओर्ग श्मोर्ल नावाच्या डॉक्टरनं झटक्यांनी मरण पावलेल्या १७ बायकांची शवं तपासली. त्यांच्या फुप्फुसांत त्याला वारेचे तुकडे सापडले. पोटातल्या वारेचा तुकडा छातीत कसा? रक्तातूनच गेला असणार. त्या काळी घरोघरी बायका अशा झटक्यांनी जात होत्या आणि जगभर त्याला नाना कारणं चिकटवली जात होती. या माणसानं सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते लिहून ठेवलं. आम्हाला त्या १७ जणींचंही वाटतं. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, पण आज आम्ही जे सांगतोय ते त्यांच्यापासून सुरू झालं.

मग मधे बराच काळ गेला. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेडमन आणि इयन सार्जंट यांच्या गटानं वारेच्या अस्तराचे बारीक कण घेतले आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या रक्तवाहिनीच्या पेशींवर सोडले. पेशींची वाढ खुंटली. १९९८ मध्ये याच गटानं दाखवलं की प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांच्या रक्तात हे कण साध्या गरोदर बायकांपेक्षा जास्त असतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनला, मूळचे भारतातले डॉक्टर अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेतून सुटणारं एक प्रथिन पकडलं. रक्तवाहिनीचं अस्तर धडधाकट राहायला जे पोषक पदार्थ लागतात, तेच हे प्रथिन गिळून बसतं. गाभण उंदरांना ते जास्त दिलं तर त्यांचं बीपी वाढलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. पुढं असं दिसलं की हे प्रथिन रक्तात मोकळं फिरतं तसं काही प्रमाणात या पुड्यांवर बसूनही प्रवास करतं. आणि २०२० मध्ये चुऱ्याचीच थेट परीक्षा झाली: इजा झालेल्या वारेच्या पुड्या उंदरांच्या रक्तात सोडल्या, तर त्यांना तसाच आजार झाला.

सगळा दोष पुड्यांचाच असं कुणी म्हणत नाही. आधीपासूनचा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुनं बीपी, लठ्ठपणा असेल तर आईचं अस्तर आधीच नाजूक झालेलं असतं, तिथं थोडा चुराही पुरतो. पहिलं बाळंतपण, जुळी बाळं, आई किंवा बहिणीला हाच त्रास, मागच्या वेळी स्वतःला झालेला, यांतही धोका जास्त. जुळ्यांचं का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. वार मोठी, म्हणून चुरा जास्त.

लोणच्याचा आणि ग्रहणाचा निकाल लावणारी एक गोष्ट डॉक्टरबाईंनी सांगितली. द्राक्षगर्भ म्हणून एक प्रकार असतो. त्यात बाळ नसतंच, वारेचीच द्राक्षांच्या घडासारखी वाढ होते. अशा बाईलाही हा आजार होतो, तोही विसाव्या आठवड्याच्या आधी. बाळ नाही, तरी आजार आहे. म्हणजे मूळ वारेत आहे. म्हणूनच आजार मुळापासून जायचा तर वार बाहेर यावी लागते, आणि म्हणूनच कधी कधी डॉक्टर बाळ अपुऱ्या दिवसांचं असतानाही बाळंतपण करायचं ठरवतात. आमच्या त्या सुनेच्या सासऱ्यांनी तेव्हा डॉक्टरांशी भांडण काढलं होतं की पैशासाठी घाई करताय. ते सरकारी रुग्णालय होतं, एक पैसा लागला नव्हता, हा भाग वेगळा.

आणि दादांनो, तुम्हीही ऐकत असाल तर हे ऐका. वार ही आईची नसते. ती बाळाबरोबर वाढते, तिच्यात बापाचा अर्धा वाटा असतो. नॉर्वे देशातल्या नोंदी तपासून १९९८ मध्ये असं दिसलं की ज्या पुरुषाच्या एका जोडीदारणीला हा आजार झाला, त्याच्यापासून दुसऱ्या बाईला दिवस गेले तर तिलाही धोका जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे दोष तुमचा, असं आम्ही म्हणत नाही. दोष कुणाचाच नाही. पण खाटेभोवती जो निवाडा बसतो, त्यात बापाचं नाव कधी निघत नाही, एवढं नमूद करतो.

आता कामाचं बोलू. या पुड्या मोजणारी तपासणी आपल्या उपकेंद्रात नाही, मोठ्या दवाखान्यातही रोजच्या वापरात नाही. त्या प्रथिनाची रक्ततपासणी मोठ्या शहरांत होते. आपल्याकडं आहे ते बीपीचं मशीन आणि लघवीत बुडवायची पट्टी. दोन्ही साधी दिसतात म्हणून त्यांना हलकं समजू नका. आत अस्तर झडत असताना बाईला खडखडीत बरं वाटू शकतं. आमच्या सुनेला ओटीभरणाच्या दिवशी काहीच होत नव्हतं, ती फोटोत हसते आहे. "मला काही त्रास नाही, कशाला जायचं तपासायला," हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर. हात काळजाच्या उंचीला टेकलेला हवा. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या घट्ट बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही, म्हणजे आपल्यासाठी हेच सगळ्यांत अवघड. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की त्याच दिवशी डॉक्टरकडं. १६० किंवा ११० झाला की तासाचाही उशीर नको, १०८ लावा. आकडा कार्डावर लिहिताना स्वतः बघा. पट्टा न लावता आकडा पडत असेल तर "बाई, आधी मोजा," एवढं म्हणायला शिका. आम्ही चाळीस बायका मिळून त्या कुलपाबद्दल लेखी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा किल्ली सापडली.

पायाला संध्याकाळी थोडी सूज बहुतेक गरोदर बायकांना येते. पण सकाळी उठल्यावर चेहरा जड, बोटातली अंगठी निघेना, बांगडी अडकते, आठवड्यात वजन एकदम वाढलं, तर मशीनकडं जायचं. न थांबणारी डोकेदुखी, काजवे, अंधुक दिसणं, बरगडीखालचं दुखणं, धाप, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं एकही असेल तर रात्रीचीही वाट बघू नका.

काही गोष्टी आधी करता येतात. चौदाव्या आठवड्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, रोज दोन. लोहाच्या गोळीबरोबर एकदम घ्यायच्या नाहीत, मधे अंतर ठेवायचं. ज्यांच्या जेवणात दूध, नाचणी, तीळ कमी, त्यांना याचा चांगला उपयोग होतो. आमच्या घरांत त्या गोळ्यांची पाकिटं फळीवर पडलेली आम्ही पाहिली आहेत, मोठ्या असतात, घशात अडकतात म्हणून. तोडून घ्या, पण घ्या. मीठ तोडल्यानं हा आजार टळत नाही, नुसतं पडून राहिल्यानंही टळत नाही.

ज्यांना धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर कमी मात्रेचं ॲस्पिरिन देतात. २०१७ मध्ये एक मोठी चाचणी जाहीर झाली. धोका जास्त असलेल्या बायकांना अकरा ते चौदा आठवड्यांपासून रोज रात्री गोळी दिली. ॲस्पिरिन घेतलेल्या ७९८ जणींपैकी १३ जणींना अपुऱ्या दिवसांतला प्रीएक्लॅम्प्सिया झाला. खोटी, नुसती दिसायला तशी गोळी घेतलेल्या ८२२ जणींपैकी ३५ जणींना झाला. पण ही गोळी दुकानातून आणून स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. आणि ती लवकर सुरू झाली तरच खरा उपयोग, कारण पाट रुंद होण्याचे दिवस सुरुवातीचे असतात. म्हणून दिवस गेल्याचं तीन महिने लपवून ठेवायची जी आपल्याकडं रीत आहे, ती दवाखान्याच्या बाबतीत तरी मोडा. शेजारणीला सांगू नका, आशाताईंना सांगा.

सातव्या महिन्यात माहेरी जाणाऱ्या मुलींनो, ओटीच्या खणाबरोबर कार्ड पिशवीत घाला. आमच्याकडं दोनदा असं झालं की मुलगी माहेरी गेली आणि कार्ड सासरच्या कपाटात राहिलं. तिकडच्या डॉक्टरांना काय माहीत हिचं आधीचं बीपी किती होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, माहेरी असाल तर तिथं जा.

झटके येऊ नयेत म्हणून जे इंजेक्शन देतात ते मॅग्नेशियम सल्फेट. स्वस्त, जुनं औषध. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात या औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. टोचल्यावर अंगात गरम वाटतं, खूप दुखतं. नातेवाईक तेव्हा आरडाओरडा करतात की कसलं इंजेक्शन दिलं. तसं करू नका, देऊ द्या.

वार पडली म्हणजे लगेच सुटलो असंही नाही. बिघडलेलं अस्तर सावरायला वेळ लागतो. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, पहिले दोन दिवस जास्त जपायचे, आणि सहा आठवड्यांपर्यंत डोकेदुखी किंवा काजवे आले तर बीपी मोजायचं. शेक-शेगडीच्या खोलीत बाळंतिणीचं डोकं दुखलं की आपण वारा लागला म्हणतो आणि कान बांधतो. आधी पट्टा दंडाला बांधा, मग कान. आणि ज्यांना एकदा हा आजार झाला त्यांना पुढं आयुष्यात बीपीचा, हृदयाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. दर वर्षी मोजून घ्या, मूल दहावीला गेलं तरी.

आमच्या गटानं दोन ठराव केले आहेत. एक, गटाच्या पैशातून दोन हजार रुपये कायम वेगळे, गरोदर बाईच्या गाडीसाठी. त्याला अर्ज नाही, सही नाही, मध्यरात्री खजिनदाराचं दार वाजवायचं. दोन, बीपीचं मशीन घेतलं आहे. दर गुरुवारी हप्ते गोळा करायच्या आधी गावातल्या प्रत्येक गरोदर मुलीचं बीपी मोजायचं आणि वहीत लिहायचं. मोजायला आम्ही आशाताईंकडून शिकलो. वही मावशींकडं असते. त्यांना अक्षर येत नाही, आकडे येतात. १४० दिसलं की त्या उठतात आणि मुलीला घेऊन स्वतः उपकेंद्रात जातात.

उपकेंद्राला जायचा जवळचा रस्ता त्या विहिरीवरूनच जातो. गेल्या गुरुवारी एकीचं १४२ आलं. मावशी तिला घेऊन त्याच रस्त्यानं गेल्या.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला आशाताई स्टुडिओत असतील. तुमचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून गटाच्या पेटीत टाका. नाव लिहायची गरज नाही.